थकण्याआधी थांबायचं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम आणि खेड्यातला दिवस

वेचणीच्या दिवसांत सांजेला अंग मोडून येणं आमच्या यवतमाळकडे कुणाला नवीन नाही. दिवसभर वाकून कापूस वेचला, घरी येऊन भाकर-भाजी केली, रात्री खाटेवर पडलं की सकाळी माणूस पुन्हा उभा. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे डॉक्टरी कागदावर ज्याला एमई/सीएफएस लिहितात, त्यातला थकवा असा झोपेनं भरून निघत नाही. शिवाय तो कामाच्या वेळी येईलच असंही नाही. काम करताना बरं वाटतं, त्या रात्रीही बरं वाटतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस असा कोसळतो की न्हाणीपर्यंत जाणं होत नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाईंना हे दुखणं एका तापानंतर जडलं. त्यांचा दिवस कसा चालवायचा हे आता आमच्या घरात ठरलेलं आहे, आणि ते सांभाळायचं काम बहुतेक माझ्याकडे असतं. थकण्याआधी थांबत, ताकद मोजून वापरायच्या या पद्धतीला इंग्रजीत पेसिंग म्हणतात. परदेशातली माहितीपत्रकं वाचली तर त्यात ऑफिस, लिफ्ट आणि सुपरमार्केट असतं. आपल्याकडे नळाचं पाणी, चूल, गुरं आणि वावर असतं. म्हणून हा लेख.

आधी खात्री करा

थकवा म्हटलं की लगेच हा आजार समजू नका. विदर्भात थकव्याची दहा साधी कारणं आधी सापडतात आणि त्यातल्या बऱ्याच कारणांवर औषध आहे. रक्त कमी असणं हे सगळ्यात मोठं: २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल आहे. त्याची प्राथमिक तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, ती राहून गेली असेल तर आधी ती करा. थायरॉईड, साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, किडनी, लिव्हर, लघवी, आणि खोकला किंवा वजन घटणं असेल तर क्षयरोगाची तपासणी. ताप येऊन गेला असेल तर चिकनगुनिया, डेंग्यू, स्क्रब टायफस यांचं डॉक्टरांना आठवणीनं सांगा. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर भागात स्क्रब टायफसची मोठी साथ येऊन गेली आहे. गुरांमध्ये वावर असेल आणि ताप सारखा उलटत असेल तर ब्रुसेलोसिसचंही विचारा. रात्री घोरणं आणि श्वास अडकणं, किंवा मनाला आलेली उदासी, याही गोष्टी डॉक्टरांसमोर मोकळेपणी ठेवाव्यात.

एमई/सीएफएस दाखवणारी एकच एक रक्ततपासणी अजून नाही. निदान लक्षणांवरून होतं. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ साली जे निकष मांडले ते साधारण असे: सहा महिन्यांहून जास्त काळ टिकलेला थकवा, ज्यामुळे आधीची कामं बरीच सुटली, थोड्या श्रमानंतरही प्रकृती ढासळणं, झोपून उठल्यावरही ताजंतवानं न वाटणं, आणि यांच्या जोडीला एकतर डोकं न चालणं (शब्द न आठवणं, हिशोब चुकणं) किंवा उभं राहिल्यावर त्रास वाढणं. पोरांनाही होतो, पुरुषांनाही होतो, पण बायकांमध्ये जास्त दिसतो. बऱ्याचदा सुरुवात एखाद्या संसर्गानं होते. कोविडनंतर महिनोन्‌महिने रेंगाळलेल्या कित्येकांचं दुखणं याच साच्यात बसतं.

गावातल्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरनं हे नाव ऐकलेलं नसलं तर चिडू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६९पासून याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली आहे, तरी शिकताना याबद्दल फार थोडं सांगितलं जातं. मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन विभागात, म्हणजे सेवाग्राम, नागपूर, यवतमाळ, अकोला जे जवळ पडेल तिथे, एकदा सविस्तर दाखवणं बरं.

‘फिरायला जा, ताकद येईल’ हा सल्ला इथे उलटतो

प्रत्येक पाहुणा हाच सल्ला देतो. साध्या अशक्तपणात तो खराही असेल. या आजारात तो रुग्णाला महिनाभर मागे टाकू शकतो.

कारण असं. निरोगी माणसाला आज सायकलवर दम लागेपर्यंत चालवलं आणि उद्या पुन्हा तीच चाचणी केली तर दोन्ही दिवसांचे आकडे जवळपास सारखे येतात. एमई/सीएफएसच्या बऱ्याच रुग्णांत दुसऱ्या दिवशी शरीराची ऑक्सिजन वापरून काम करण्याची क्षमता खाली आलेली दिसते. म्हणजे कालच्या श्रमानं आजची मूळ ताकदच घटवली. या कोसळण्याला पोस्ट-एक्झर्शनल मलेज म्हणतात, डॉक्टर थोडक्यात पीईएम म्हणतील. ते साधारण १२ ते ४८ तासांनी उमटतं आणि दिवस काय, आठवडेही टिकतं. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेच्या २००७च्या मार्गदर्शिकेत टप्प्याटप्प्यानं व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार होता. ऑक्टोबर २०२१मध्ये त्यांनी तो स्पष्ट शब्दांत काढून टाकला आणि त्याजागी आपली ताकद मोजून वापरण्याचा सल्ला ठेवला. कुणी डॉक्टर व्यायामाचाच आग्रह धरत असतील तर हे त्यांना नम्रपणे सांगायला हरकत नाही.

एप्रिलातल्या विहिरीचं जसं असतं तसं समजा. अर्धा तास मोटार चालवून बंद केली तर झरा पुन्हा भरतो. तळ लागेपर्यंत ओढलं तर दोन दिवस पाणी नाही, आणि मोटार जळते ती वेगळी. पण विहिरीत डोकावून पाणी दिसतं तरी. या आजारात तळ लागल्याचं कळतं ते परवा. म्हणून कुठे थांबायचं ते अंगाला विचारून ठरत नाही, घड्याळ आणि वही बघून ठरवावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

शाळेची साधी रेघांची वही घ्या. रुग्णाला लिहिणं जड जात असेल तर घरातल्या नववी-दहावीच्या पोराला लिहायला सांगा. रोजचं एक पान. आमच्या वहीतली एक नोंद अशी:

“पहाटे तीनला जाग. सकाळी अंग जड. ८ वाजता आंघोळ, डोकं धुतलं, नंतर पाऊण तास पडल्या. १० ला आलू-वांगे चिरले (बसून). ११ ला बँकवाल्याचा फोन, केवायसी, वीस मिनिटं बोलल्या. दुपारी बरं. ५ वाजता शेजारच्या काकू, तास दीड तास. रात्री जेवण कमी.”

पुढच्या दिवशीची नोंद साधारण ठीक. त्याच्या पुढच्या दिवशी: घसा दुखतो, अंगात कसर, उजेड नको, खाटेवरून उठल्या नाहीत.

या नोंदीत अंगमेहनतीचं काम जवळपास काहीच नाही. डोकं धुणं, फोन आणि पाहुणी एकाच दिवशी आली, एवढंच. डोक्याचं काम, बोलणं, आवाज, ऊन, रडणं, भांडण, अगदी आनंदाची गडबडसुद्धा ताकद खाते. म्हणून वहीत फक्त ‘काय काम केलं’ लिहून भागत नाही. किती वेळ उभं, किती वेळ बसून, किती वेळ बोलणं, ऊन लागलं का, झोप कशी, आणि दिवसाच्या शेवटी दहापैकी किती बरं वाटलं, हे लिहा. बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. कित्येकींचं त्या दिवसांत वाढतं.

या दोन आठवड्यांत काहीही सुधारायला जाऊ नका, पण मुद्दाम ओढूही नका. मग वही उघडून प्रत्येक कोसळलेल्या दिवसापासून मागे दोन-तीन दिवस बोट फिरवा.

दुसरी पायरी: हद्द ठरवणं

इथे माणूस चांगल्या दिवसाचं माप धरतो. “परवा मी अर्धा तास उभी होते की!” होतात, आणि काल झोपून होतात. हद्द म्हणजे वाईट आठवड्यातही जे केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही बिघडत नाही तेवढं. वहीत उभं राहून वीस मिनिटं निभावतंय असं दिसलं तर सुरुवात दहा-बारापासून करा. आपल्याला जमेल असं वाटतं त्याच्या साधारण निम्म्यापासून पाऊणपर्यंत. हे माप प्रत्येक प्रकाराला वेगळं: उभं राहणं, बसून हातकाम, चालणं, बोलणं-फोन, वाचणं-मोबाइल.

पहिले काही आठवडे हे फार थोडं वाटेल. वाटू द्या. तीन आठवडे एकदाही न कोसळता गेले तर हद्द बरोबर बसली. मधे कोसळलात तर ती अजून खाली घ्या. बरं वाटलेल्या दिवशी राहिलेली सगळी कामं उरकायची आणि मग चार दिवस पडून राहायचं, हे चक्र तोडणं हीच या पायरीची कसोटी आहे. खेड्यात ते तोडणं जास्त अवघड, कारण बरं वाटलेल्या बाईनं रिकामं बसणं कुणालाच पटत नाही, तिला स्वतःलाही नाही.

तिसरी पायरी: घड्याळ लावा

मोबाइलच्या टायमरवर, किंवा साध्या गजराच्या घड्याळावर. सुरुवातीला दहा मिनिटं काम आणि वीस मिनिटं विश्रांती हे गणित बहुतेकांना चालतं. ज्यांचं दुखणं जास्त त्यांना पाच मिनिटंही पुरे. गजर वाजला की हातातली पोळी तव्यावर असेल तर ती उतरवा आणि उठा. “एवढं एकच उरलंय” या वाक्यापासून सावध राहा.

विश्रांती म्हणजे काय तेही ठरवावं लागतं. टीव्हीसमोर मालिका बघत तूर निवडणं ही विश्रांती नव्हे, मोबाइल चाळणं तर नव्हेच. आडवं पडायचं, डोळे मिटायचे, खिडकीवर जाड चादर, कानात कापूस. कापूस घरचाच आहे. सपरीत टाकलेली खाट नको, तिथे येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारपूस करतो. माजघराचा अंधारा कोपरा बरा. दिवसातून अशा दोन-तीन विश्रांत्या थकवा नसतानाही घ्यायच्या.

चौथी पायरी: कामं फोडा

सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागतं, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

ज्वारीची भाकर घ्या. चुलीपुढे उकिडवं बसून थापायची, जाळ सारायचा, मधेच उठून पाणी आणायचं. उकिडवं बसून झटकन उठल्यावर ज्यांना अंधारी येते त्यांना ही जागाच वाईट. ज्वारीचं पीठ आधी मळून ठेवता येत नाही, भाकर चिरते. त्यामुळे हे काम तुकड्यांत पसरत नाही. मग आम्ही वाटणी बदलली. घरातल्या बारा भाकरी मी करते. जाऊबाई कणकेच्या पोळ्या लाटतात, त्याही आठवड्यातून मोजक्या दिवशी: कणीक आधी दुसऱ्यानं मळलेली, गॅसची शेगडी बुटक्या टेबलावर, त्या पाठ टेकता येणाऱ्या खुर्चीवर. तीन पोळ्या, गजर, आडवं. पुढच्या तीन नंतर, नाहीतर मी. भाजी आदल्या सांजेला बसून चिरलेली, लसूण सोललेला, सांबार (कोथिंबीर) निवडून फडक्यात गुंडाळलेला. शेंगदाण्याचं कूट आठवड्याचं एकदम मिक्सरवर, तेही दुसऱ्यानं; पाटा-वरवंटा यादीतून कायमचा बाद.

पाणी हे वेगळं प्रकरण, कारण त्याची वेळ आपल्या हातात नसते. कुठे नळ दिवसाआड, कुठे पहाटे पाऊण तास. हातपंप दाबणं आणि भरलेला गुंड (हंडा) उचलणं ही दोन्ही कामं या रुग्णानं करायची नाहीत, यात तडजोड नको. नळाला लांब पाइप लावून थेट ड्रममध्ये सोडा. ड्रमला खाली तोटी बसवून घ्या, म्हणजे वाकून तांब्यानं काढावं लागत नाही. रुग्ण एकटाच असेल तर लहान कळशी अर्धी भरून, फेऱ्यांच्या मधे बसून. त्या दिवशी दुसरं मोठं काम धरायचं नाही.

आंघोळ निरोगी माणसाला काम वाटत नाही, इथे ते दिवसाच्या मोठ्या कामांपैकी एक आहे. न्हाणीत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा, पाणी कोमट, कढत नको. डोकं धुण्याचा दिवस वेगळा, आणि त्या दिवशी फोन-पाहुणे काही नाही. अंग पुसून लगेच आडवं व्हा. रोज आंघोळ झालीच पाहिजे हा आग्रह सोडा. ओल्या फडक्यानं अंग पुसलं तरी देवाला चालतं, आमच्या सासूबाईंनीच तसं सांगून टाकलं तेव्हा घरातली अर्धी कुरकुर मिटली.

धुणं दुसऱ्यानं. गोठा, शेण, गवताचा भारा दुसऱ्यानं. झाडझूड लांब दांड्याच्या झाडूनं, एका वेळी एक खोली.

वावराचं काय? वेचणी, निंदण, धानाची रोवणी यात वाकणं, ऊन आणि दुसऱ्याच्या वेगानं चालणं तिन्ही एकत्र येतं, म्हणून ते जवळजवळ सगळ्यांनाच बंद करावं लागतं. हे ऐकून पोटात खड्डा पडतो, विशेषतः जिथे मजुरीवर घर चालतं तिथे. मजुरी बुडाल्यावर पेसिंग म्हणजे चैन वाटते हे खरं. तरी दर पंधरवड्याला कोसळून आठ दिवस बुडवण्यापेक्षा बसून होणारं थोडं पण रोजचं काम हाताशी असणं परवडतं: वेचणीच्या वजनाच्या नोंदी, बियाणं-डाळ निवडणं, बचत गटाची वही. वजनाच्या नोंदी हेही डोक्याचं काम आहे, त्यालाही गजर लावा.

पाचवी पायरी: नाडीचा पहारा

कोविडच्या काळात घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात पडलेलं असेल तर काढा, सेल बदला. सकाळी उठण्याआधी पडल्या-पडल्या नाडीचा आकडा सात दिवस लिहा आणि सरासरी काढा. यंत्र नसेल तर मनगटावर दोन बोटं ठेवून अर्धा मिनिट ठोके मोजा आणि दुप्पट करा. या आजारावर काम करणारे फिजिओथेरपिस्ट साधारण असं सांगतात की सरासरीत १५ मिळवा आणि काम करताना नाडी त्यावर जाऊ देऊ नका. सरासरी ७४ असेल तर ८९. हे बंधन कडक आहे. कित्येकांना नुसतं उठून उभं राहिलं तरी ओलांडलं जातं. दुसरा ढोबळ हिशोब: २२० मधून वय वजा करा आणि त्याचे ६० टक्के घ्या, म्हणजे चाळीशीत १०८. कोणता धरायचा ते वही सांगेल. सुरुवातीला कडक तो धरा. नाडी वर गेली की खाली बसा, पाय उचलून ठेवा, उतरू द्या. बीपीसाठी नाडी मंद करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे आकडे लागू पडत नाहीत, डॉक्टरांना विचारा.

एक छोटी तपासणी घरी होते. दहा मिनिटं आडवं पडून नाडी घ्या. मग भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे, दहा मिनिटं न हलता उभं राहा आणि दर मिनिटाला आकडा लिहा. शेजारी कुणीतरी उभं हवंच. घेरी आली, डोळ्यापुढे अंधार आला की लगेच थांबवा. मोठ्या माणसाची नाडी ३०नं किंवा त्याहून जास्त वाढून तशीच राहिली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा. या प्रकारावर उपाय आहेत: जास्त पाणी, मीठ, पायाला घट्ट मोजे, काही औषधं. मीठ मात्र मनानं वाढवू नका. बीपी, किडनी, हृदयाचं दुखणं असणाऱ्यांना ते महागात पडतं.

उन्हाळा, सण, लग्न आणि एसटी

आपला उन्हाळा हा स्वतंत्र शत्रू आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला इथे पारा ४५च्या वर जाणं नवलाचं नाही, आणि उष्णतेनं नाडी आपोआप वर जाते. म्हणजे जानेवारीतली हद्द मे महिन्यात चालत नाही. होळीनंतर ती एक पायरी खाली घ्या आणि मृगाचे पाऊस बसेपर्यंत तिथेच ठेवा. कामं पहाटे आणि दिवस मावळल्यावर. लाइट गेली की कूलर बंद, तेव्हा दुपारी कपाळावर-मानेवर ओलं फडकं. कुरडया, पापड, सांडग्यांचा घाट याच दिवसांत असतो. गच्चीवर जाणं नाही, चीक हाटणं तर नाहीच. पूर्वेकडे मोहफूल आणि तेंदूपत्त्याचा हंगाम याच उन्हात येतो. घरच्यांनी ही व्यक्ती त्या मोजणीत धरूच नये.

सणासाठी दोन दिवस आधी आणि दोन दिवस नंतर रिकामे ठेवायचे. महालक्ष्म्यांचा सगळा स्वयंपाक अंगावर घेण्यापेक्षा आरतीची वीस मिनिटं निवडा. पोळ्याला बैल ओवाळायला दारात खुर्ची. लग्नाला जायचं तर अक्षता पडेपर्यंतचा अर्धा तास. हळद, वरात आणि डीजे सोडा. नवरीच्या आईला हे आधी फोन करून सांगा म्हणजे रुसवा होत नाही.

तालुक्याला जायचं तर “गेलोच आहे तर बँकेचंही करू, माहेरीही डोकावू” हा आपला नेहमीचा शहाणपणा इथे चालत नाही. एका फेरीत एकच काम. एसटीत बसायला जागा मिळेल अशी गाडी बघा, जमलं तर गावातल्या कुणाच्या चारचाकीत मागच्या सीटवर आडवं पडून जा. साध्या सल्ल्यासाठी आरोग्य उपकेंद्रातून सरकारच्या ई-संजीवनीवर डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं, त्यानं एक फेरी वाचते.

घर आणि गल्ली

“दिसाले तं चांगली धडधाकट दिसते, मंग कामाले काऊन होत नाही?” हे वाक्य प्रत्येक रुग्णाच्या कानावर येतंच. मोठं स्पष्टीकरण देत बसू नका, त्यातही ताकद जाते. आमच्या सासूबाईंचं उत्तर ठरलेलं आहे: “डॉक्टरनं घड्याळ लावून देलं हाये तिले.” पुढचा प्रश्न येत नाही.

घरातल्यांना मात्र नीट सांगावं लागतं, आणि ते रुग्णानं न सांगता दुसऱ्या कुणी सांगितलं तर जास्त पोचतं. वहीची पानं नवऱ्यासमोर ठेवा: हा बुधवार, आणि हा त्याचा शुक्रवार. आमच्या भासऱ्यांना व्याख्यानानं पटलं नव्हतं, तारखांनी पटलं. कामांची यादी करून कोणतं कुणाकडे ते नावानिशी ठरवा. “सगळे मिळून करू” म्हटलं की ते फिरून त्याच बाईवर येतं.

सलाईन आणि ‘ताकदीचं इंजेक्शन’ यावर गावात फार विश्वास. पाणी कमी पडलं असेल तर सलाईननं दोन दिवस तरतरी येते, आजार जात नाही. आणि इंजेक्शनात स्टिरॉइड असेल तर खोटी ताकद येऊन माणूस हद्द ओलांडतो. बाटलीवरचं नाव विचारल्याशिवाय काही टोचून घेऊ नका. बाहेरची बाधा म्हणून कुणा देवऋषीकडे नेणारेही भेटतील. रात्रीचा प्रवास, धूर, जागरण हे सगळं पुन्हा त्याच वहीत कोसळलेला दिवस म्हणून उमटतं.

तरी कोसळलात तर

कोसळणार. वेळापत्रक कितीही नीट असलं तरी पोराला ताप येतो, कुणी वारतं. त्यासाठी एक पिशवी खाटेजवळ तयार ठेवा: पाण्याची बाटली, ओआरएस, मुरमुरे-फुटाणे, नेहमीची औषधं, डोळ्यांवर बांधायला रुमाल. घसा खवखवणं, अंगात कसर, आवाज नकोसा होणं, शब्द न सापडणं ही पहिली लक्षणं. ती दिसली की त्याच तासाला सगळं थांबवा, उद्याची वाट बघू नका. दिवसाची हद्द निम्म्याहून खाली. बरं वाटायला लागल्यावरही आणखी दोन दिवस तसंच. कूस बदलत राहणं, पाय हलके हलवणं एवढं चालू ठेवा.

छातीत दुखणं, धाप, बेशुद्धी, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जास्त ताप, अचानक वजन घटणं हे या आजाराच्या माथी मारू नका. १०८ बोलवा किंवा दवाखाना गाठा. जगणं नको वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

किमान पाव रुग्ण घराबाहेर पडू शकत नाहीत किंवा अंथरुणाला खिळतात. त्यांच्यासाठी कामं फोडणं म्हणजे एका वेळी चार घास, एका वेळी एकच माणूस खोलीत, आणि हळू आवाज. तत्त्व तेच, माप मिनिटांऐवजी क्षणांचं.

वाढवायचं कधी

तीन-चार आठवडे सलग न कोसळता गेले, आणि केल्यावरही अंगात थोडं उरतंय असं वाटलं, तरच. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: उभं राहणं दहावरून अकरा मिनिटं, किंवा बोलणं पाच मिनिटांनी. मग दोन आठवडे थांबून बघा. बिघडलं तर मागच्या मापावर या. कॅलेंडर बघून दर आठवड्याला वाढवत नेणं म्हणजे मागे सांगितलेला काढून टाकलेला उपचारच झाला. काहींचं माप वर्षभरात बरंच वाढतं, काहींचं तिथेच राहतं. मोठ्या माणसांत पूर्ण बरं होणं विरळा आहे, हे डॉक्टरनं सांगितलं नाही तरी आधी माहीत असावं. वाढीव मिनिटं कामालाच द्यायची असा नियम नाही. जाऊबाईंनी पहिली वाढीव दहा मिनिटं पुतणीच्या वेण्या घालायला ठेवली, आणि त्यावरून घरात थोडं भांडणही झालं.

दर तीन महिन्यांनी डॉक्टरांकडे जाताना अख्खी वही नेऊ नका, ओपीडीच्या गर्दीत ती कुणी वाचत नाही. एका कागदावर चार ओळी लिहा: या तीन महिन्यांत किती वेळा कोसळल्या, प्रत्येक वेळी आधी काय झालं होतं, सकाळची नाडी किती, आणि आता सलग किती मिनिटं उभं राहता येतं. खाली तुम्हाला विचारायचे प्रश्न, दोनच. तो कागद केसपेपरला टाचून द्या.